चौदा पॉइंट दोन

फेरीबोटीवर गाडी चढवली की इंजिन बंद करायचं,
असा नियम.
चोडणच्या धक्क्यावर मी तो पाळला.
रायबंदर आलं, किल्ली फिरवली, आणि फक्त एक टक्.
जीभ टाळूला लागून सुटावी तेवढाच.
मागे दोन स्कूटर, एक मासळीचा टेंपो,
पुढे ओहोटीने उभा केलेला चढ.

ढकलली सगळ्यांनी.
टेंपोवाला म्हणाला, बाई, बॅटरी बदला.
बदलली होती की.
चवथीच्या आधी एक, शिमग्याच्या आधी एक.
दोन्ही वेळा म्हापशाच्या दुकानदाराने
गॅरंटीच्या कार्डावर तारीख ठसठशीत लिहिली
आणि मी तारखेवर विश्वास ठेवला.

सांतानचं गॅरेज म्हणजे फणसाखाली चार पत्रे.
दुसऱ्या बॅटरीची वायर जोडून त्याने गाडी जागी केली,
मग ती वायर काढून मीटर लावला.
अकरा पॉइंट आठ.
दिवे लावले: अकरा पॉइंट दोन.
पंखा लावला तेव्हा त्याने मीटर माझ्याकडे वळवला,
प्रगतिपुस्तक मी पालकांकडे वळवते तसा.
“बॅटरेक कांय जावंक ना,” म्हणाला,
“तिका जेवण वाडटालो, तो मेला.”

आणि मग, बॉनेटमध्ये वाकूनच,
“कुंय-कुंय करतालो मगे? कितले दीस?”
मी म्हटलं, पावसाने असेल असं वाटलं.
खरं तर कदंब पठाराच्या चढावर
तो आवाज वाढला की मी रेडिओ वाढवायचे.

आधी निगेटिव्ह काढायचा,
हे त्याने यल्लेशला तिसऱ्यांदा सांगितलं.
मग बेल्ट. आतून भेगाळलेला, रिकाम्या मिठागरासारखा.
मग मागची वायर, तिच्या नटावर हिरवी पूड;
खाडीची हवा इथेही सही करून गेलेली.
खालचा लांब बोल्ट मात्र हलेना.
तेल, हातोडी, थोडा वेळ, पुन्हा हातोडी,
शेवटी आजोबांकडून वारशात आलेली
एक पोर्तुगीज शिवी,
आणि सुटला.

असोल्या नारळाएवढा अल्टरनेटर, पण चौपट जड.
उघडला. काळवंडलेलं तांबं, आणि दोन ब्रश.
ब्रश म्हणजे मला केस वाटले होते.
हे तर कोळशाचे तुकडे,
स्प्रिंगने मागून रेटलेले,
फिरत्या कड्याला टेकून झिजत राहायचं, एवढंच काम.
नवे असतात पेराएवढे.
माझे हरभऱ्याच्या डाळीएवढे उरले होते.

ताई आठवली. उगाच.
बाजूला ठेवली,
काढलेले वॉशर यल्लेश डब्याच्या झाकणात ठेवतो तशी.

नुसते ब्रश बदलून भागलं नसतं,
बेअरिंग गेलं होतं, कडंही खाल्लेलं.
दुसरा येणार फोंड्याच्या बसने, कंडक्टरच्या पायाशी.
तोवर बाकावर बसून मी ताईला फोन लावला.
काही नाही गं, म्हणाली, जरा घसा बसलाय.
मी विचारलं, किती दिवस?

तो आला. जुना शेजारी ठेवून सांतानने
बोल्टाचे कान जुळवले, चाक जुळवलं, वायरीचं तोंड जुळवलं.
मग नवा बेल्ट चढवून अंगठ्याने दाबला. अर्धा इंच.
जास्त ताणला तर बेअरिंग रडतं,
सैल सोडला तर बॅटरी.
हे तो यल्लेशला सांगत होता. लिहून मी घेतलं.

चालू. चौदा पॉइंट दोन.
दिवे, पंखा, वायपर, वर हॉर्न:
तेरा पॉइंट नऊ.
महिनाभर मी ज्याच्याकडे बघत नव्हते
तो लाल दिवा विझला.

जुना त्याने भंगारात धरला, आठशे कमी केले.
ब्रश मी मागून घेतले.
सकाळी बोटीत, तिकिटाच्या पाठीवर
एक ओढून पाहिला. अजून उमटत होता.

बोट सुटली. नियमाप्रमाणे इंजिन बंद केलं.
मग कोणी बघत नाही असं पाहून
एकदा सुरू केलं,
आणि बंद केलं.