हरकत

नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरांत होतं :
आपत्ति हो तो पंद्रह दिन के भीतर…
सवयीनं मी मनात मराठी केलं : हरकत असल्यास.

नसायची. चाळीस वर्षं नव्हती.
चिटणीसांच्या गोठीतला दिवा महिना महिना बंद,
नळाला पाणी पहाटे साडेतीनला,
आम्ही गजर लावून उठलो.
"सरकारशी भांडू नये, अर्ज करावा," दादा म्हणत
आणि पोच खिळ्याला टोचून ठेवत.
त्या अजून आहेत, गोल शिक्क्यांच्या, पिवळ्या.

वैशाखात बैठक झाली. स्वर्णरेखेच्या काठची
सत्तेचाळीस घरं अठरा किलोमीटर लांब न्यायची होती.
माझं घर नकाशात नव्हतं.
रामसनेही कुशवाहचं होतं, हातगाडीसकट,
शकीलाबींचं होतं, शिवणयंत्रासकट.
समोसे दिले, चहा दिला,
हजेरीच्या कागदावर सह्या घेतल्या.
मीही केली, मुलांना कित्ता घालून द्यावा तशी, नीट.

महिन्यानं तो कागद माहितीच्या अधिकारात हाती आला.
सह्या आमच्याच.
वर नवं पान टाचलेलं : सहमति-पत्र.

तोवर मला वाटायचं,
गप्प बसणं म्हणजे काहीच न म्हणणं.

दौलतगंजात अक्का पागनीस मला गाणं शिकवायच्या.
"आधी षड्जावर उभी राहा.
हरकत उगीच घेत सुटायचं नसतं, पोरी,
जागा आली की घ्यायची.
आणि आलेली जागा गिळलीस, तर ऐकणाऱ्याला कळतं."
माझा गळा काही झाला नाही. सोडलं.

आज दुसरी बैठक. इतिवृत्त वाचून झालं :
सर्वसम्मति से पारित.
रामसनेही चपलेकडे बघत राहिला.
हातगाडीचा परवाना त्याला त्याच टेबलावरून मिळतो.
माझं पेन्शन एक तारखेला येतं,
आणि ते अडवणं एवढं सोपं नाही.
हेही मोजलं मी, खोटं कशाला सांगू?

मग उठले. गुडघा वाजला.
तोंडून मराठीच निघाली :
"हरकत आहे."
साहेब चष्म्यावरून म्हणाले, "ये क्या हरकत है, माताजी?"

मागं कुणी हसलं.
इथल्या बोलीत हरकत म्हणजे खोडी.
हालचालसुद्धा.
"जी," म्हटलं, "वही है. लिखिए."

बाबूचं पेन कागदावर टेकलेलं,
पुढं सरकेना.
मी बसले नाही.
आवाज थरथरत होता,
पण लागला होता.