घायपात

हिंगोलीत, शाळेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये
चार रात्री चार सिनेमे, मेक्सिकोच्या वकिलातीकडून आलेले.
पहिल्याच रात्री पडद्यावर घायपातीचं रान उगवलं
आणि मागून कुणी ओरडलं,
‘आरं, ही तं आपल्या बांधावरची!’

भाषा कुणालाच कळत नव्हती.
नटीचं नाव एलोइसा काल्देरा, एवढं मास्तरांनी फळ्यावर लिहिलं,
खाली सालं: एकोणचाळीस, त्रेचाळीस, अठ्ठेचाळीस, छप्पन्न.

केवळाबाई दोर वळायची.
तिनं फक्त हात पाहिले.
एकोणचाळीस सालची नटी, कानात डूल, गालावर दिव्याचा झोत,
रानात उभी राहून गाणं म्हणत पात कापते.
‘धरलीय कशी, पोरीची वेणी धरावी तशी,’ केवळाबाई म्हणाली,
‘काटा घुसंल की माय.’

दुसऱ्या रात्री नटी रडली,
सगळा हॉल रडला, केवळाबाई सोडून.
तिसऱ्या रात्री ऐन लग्नात वीज गेली.
मुनीरचाचा कंदिलापाशी रीळ हातानं गुंडाळत बसले;
त्या लग्नाचं पुढं काय झालं
हिंगोलीत आजही कुणाला माहीत नाही.

चौथ्या रात्री तिचं नाव यादीत पार खाली.
कुणाची तरी आई, अख्ख्या सिनेमात चार मिनिटं.
उंबऱ्यावर बसून पात सोलते.
पोरगा तालेवार होऊन मागं उभा,
तरी मान वळवत नाही.

केवळाबाई गुडघ्यांवर उठली.
‘आता बघा. टाचेखाली दाबली पात.
कवा शिकलीस गं?’

दिवे लागले. मास्तर फळा पुसायला निघाले.
‘ऱ्हाऊ द्या की,’ ती म्हणाली,
‘कोनचं तिचं नाव? वरचं का खालचं?’