दोन आणि तीन

दौलतगंजात आमच्या खोलीला एकच पंखा होता,
रेग्युलेटरवर आकडे शून्य ते पाच.
दोन आणि तीन यांत काडीचा फरक नव्हता,
तरी आई उठून दोनवर करायची
आणि तिची पाठ वळते न वळते तोच
दादा तीनवर.
दोघांनाही बरं वाटायचं.

आज हे आठवलं सिटी सेंटरच्या ऑफिसात,
जलसंसाधन विभागाच्या पोर्टलवर
सूचनांच्या चौकटीला सेटिंग्ज जोडताना.
आजवर ती चौकट आपल्याच तोऱ्यात होती:
पाच सूचना, बारीक अक्षर, खालून वर,
एक वाचून होईतो तिच्या डोक्यावर दुसरी.

आवक-जावकच्या फाळकेबाईंचा फोन आला होता.
"अहो, माझ्या बदलीची ऑर्डर त्यात सरकून गेली.
चष्मा डोळ्यांवर चढवेपर्यंत भिंड आलं नि गेलं.
हिला थांबवायला एखादी खुंटी नाही का?"

खुंटी.
कोडमध्ये मी तिला भलतंच नाव दिलं,
पण शेजारच्या टिपेत तेच लिहिलं, देवनागरीत.

वेग: एक सरकती पट्टी.
अक्षर: लहान, मध्यम, फाळकेबाई.
मग ते खोडून "मोठं" केलं.
जुन्या सूचना राहू द्याव्यात का: रिकामा चौकोन, टिचकी मारा.
आणि जो कशालाच हात लावणार नाही
त्याच्यासाठी सगळं आधीच ठरवून ठेवायचं.
यातच दुपार गेली.
कधी न भेटलेल्या माणसाच्या वतीने
हो म्हणायचं, की नाही?

एकशे बेचाळिसाव्या ओळीवर हात थांबला.
हा बदल साठवायचा कुणाच्या नावावर?
सर्वांसाठी, की ज्याने केला त्याच्यापुरता?
इथे एक शब्द इकडचा तिकडे झाला
तर भोपाळचे साहेब जेवणानंतर सहज पट्टी ओढतील
आणि मुरैन्यापासून शिवपुरीपर्यंत
टेबलाटेबलावर सूचना पळत सुटतील.

आमच्या खोलीत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.
बटणाजवळ ज्याची खाट, त्याचं राज्य.
माझी खिडकीकडे.
मला किती हवा होता, आता नक्की सांगता येत नाही.
चार, बहुतेक.

बाहेर पंचेचाळीस अंश. एसीचा रिमोट दुबेजींच्या खणात,
खणाला कुलूप.
मी लिहिलं: ज्याचं त्याला.

सोमवारी फाळकेबाईंनी करून पाहिलं.
"जमलं हो. थांबते आता. अक्षरही छान."
मग फोनवर नुसता त्यांच्या पंख्याचा आवाज.
"ऑर्डर तीच आहे पण."