तीन बोटं जागा

झरका शहरात, भंगारगल्लीच्या टोकाला
हागोप रेडिएटर उजेडात उभा धरतो
आणि जाळीतून माझ्याकडे बघतो.
"जाड नको, रूला. जाडीला सगळेच भुलतात.
वारा आत शिरेल,
पण पलीकडे निघेपर्यंत त्याचाच जीव जाईल."

बॉनेटखाली उरलीय तीन बोटं जागा.
नवं इंजिन पाय पसरून बसलंय.

गेल्या शुक्रवारी चढावर, सातव्या वळणाला
काटा लाल. मग वाफ.
आणि मी वेडी, झाकण उघडायला गेले.
मनगटावर डाग आहे अजून.
हागोप तो बघतो, बोलत नाही.

"पंखे दोन. मागून ओढणारे.
पुढून ढकलणारा म्हणजे
दारातच उभं राहून या-या करणारा यजमान,
वाट तोच अडवतो."

किती दिनार? विचारते.
तो पत्रा कापत राहतो,
पंख्यांभोवतीची चौकट,
कडेला नखाएवढीही फट नको.

दिवेलागणीला चावी फिरवली.
काटा चढला, चढला, ब्याण्णव,
खट्. दोन्ही पंखे एकदम.
त्याने खिशातून बिल काढलं,
जाळीसमोर धरलं, सोडून दिलं.
चिकटून राहिलं.

आकडा मी तिथेच वाचला,
वाकून.