बावीस भोकं

उपसंचालक दाम्दिनसुरेन म्हणाले होते, जूनमध्ये बोलवा त्यांना.
जूनमध्ये तूल नदीला पाणी असतं, डोंगर हिरवे,
उलानबातर न्हाऊन-माखून बसल्यासारखं दिसतं.
पण सोलहून पत्र आलं ते जानेवारीचं,
आणि पाहुण्याला, त्यातून पैसेवाल्या, नको कोण म्हणणार.

उणे एकतीस.
गाडी नदीकाठच्या रस्त्यानंच आणायची,
ड्रायव्हरला तीनदा बजावलेलं.
म्हणजे उत्तरेच्या चढावरचे तंबू दिसत नाहीत,
फळ्यापत्र्यांची कुंपणं दिसत नाहीत.
माझं घरही दिसत नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही.

सतराव्या मजल्यावर बैठक.
मीठ घातलेला दुधाचा चहा, त्यावर साय धरलेली,
पाच वर्षं करमाफी, साठ वर्षं जमीन,
आणि गुळगुळीत पुस्तिका, तिच्यावर आकाश. इतकं निळं
की छापखान्यातल्या पोरानं विचारलं होतं, हे कुठलं शहर?

माझी कोरियन आन्सानच्या कारखान्यातली.
चार वर्षं बाटल्यांची झाकणं ओतणाऱ्या यंत्रापाशी.
आधी शिकले ते शब्द: लवकर. पुन्हा. हात लावू नको.
आदरार्थी क्रियापदं मागाहून, पुस्तकातून.
अजून ती नव्या बुटांसारखी चावतात.

श्री. नाम खिडकीशी गेले. सत्तरीचे, कोट न काढलेला.
बाहेर वीजकेंद्राच्या धुराड्यांची टोकं तेवढी,
खाली पिवळट, करडं, दाट. हलत नव्हतं.
“हे काय?”
उपसंचालक लगेच: “धुकं. दुपारी निवळतं.”
मी म्हटलं, धुकं.
कोरियनमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. मला दोन्ही येतात.

त्यांनी नाक वर केलं, लहान मुलासारखं,
आणि बोलू लागले काचेशीच,
आदरार्थी वगैरे सगळं गळून पडलेलं.
आमच्याकडे कोळशाची वडी असायची, गोल. तिला बावीस भोकं.
मी मोजायचो.
भोकाला भोक जुळवून एकीवर एक ठेवायची,
आई रात्रीतून दोनदा उठून बदलायची.
जमिनीला भेग होती. बहीण भेगेच्या बाजूला झोपायची,
तिथं ऊब जास्त.
अकरा वर्षांची. गाल लाल होते, सकाळीसुद्धा.
आई म्हणाली, झोपू दे अजून थोडी.

हीटरची घरघर.
उपसंचालकांनी पेन उचललं. “काय म्हणतायत? एवढं लांब?”

मला तासाचे पैसे मिळतात, शब्दांचे नाही.
म्हटलं, “म्हणतात, हे धुकं त्यांच्या ओळखीचं आहे.”

उपसंचालक हसले, सुटल्यासारखे.
“ओळख निघाली? मग सोयरीक जमलीच म्हणा!”
ते मात्र मी शब्दाला शब्द सांगितलं,
आणि श्री. नाम पहिल्यांदाच माझ्याकडे बघत राहिले.
कळलं त्यांना. मी काय गाळलं ते नव्हे,
मी कुठं राहते ते.

जेवणाआधी सामंजस्य करार झाला. सात पानं.
कोळसा हा शब्द त्यात नाही, मी दोनदा वाचलं.
चौथ्या पानाच्या समासात फक्त पेन्सिलीनं, त्यांच्या हातचं:
टेकडी कुठली?
त्याचं भाषांतर कुणी मागितलं नाही.

संध्याकाळी बस चढावर घसरत, थांबत.
फाटकाशी कुत्रं. तंबूत आईनं शेगडी लाल केलेली.
“कशी झाली बैठक?”
बरी, म्हटलं.
भाची शेगडीच्या कुशीत झोपली होती.
उचलून दाराकडे निजवली. आई ओरडली, गारठेल ना गं पोर!
गाल लाल होते. हात लावून पाहिला.
मग छपरावरचा नमदा दोरीनं मागं ओढला,
बोटभर.
तिथून एखादा तारा दिसायला हवा होता.
धूर आत आला, थोडा बाहेर गेला.
भाचीनं झोपेतच मला लाथ मारली.