दोनदा मोजलेले

दहावी ब, पाचवा तास.
विट्याच्या आमच्या शाळेत फळा नुकताच ओल्या फडक्यानं पुसलेला,
खडू उमटत नाही.
म्हणून टेबलावर सात हरभरे मांडते,
समोर सात तुरीचे दाणे.
हा एक क्लोरीन, हा दुसरा.
बाहेरच्या कक्षेतले तेवढेच धरा, म्हणते,
आतल्यांचा या व्यवहाराशी संबंध नाही.

दोघांनाही आठ हवेत, दोघांकडेही सात.
देणार कोण? कुणीच नाही.
हिसकावणार कोण? ताकद सारखीच.
मग एक हरभरा आणि एक तूर
दोन बोटांनी मध्ये सरकवते,
कॅरमची सोंगटी सरकवावी तशी.
आता मोजा.

डावीकडून आठ.
उजवीकडून आठ.
शेवटच्या बाकावरची नसरीन मुलाणी उठते.
"मॅडम, आठ नि आठ सोळा. दाणं तर चौदाच हायेत."
वर्ग हसतो.
मी हसत नाही. सव्वीस वर्षांत
हा हिशेब फार थोड्यांना खटकला.
"मधले दोन दोनदा मोजलेत."
"आसं चालतंय?"
"पावतीपुस्तकात नाही चालत.
इथं त्याच्यावरच सगळं चालतं."

बसते ती, पण पटल्यासारखी नाही.
तिचे वडील कोविलपट्टीला, गलाईच्या दुकानात.
माझे मालक तिथून दोन एसट्या पुढे,
(तिकडे एसटी म्हणत नाहीत, पण मला दुसरा शब्द येत नाही)
तेजाबात चांदी विरघळवतात,
तळाशी उरलेलं सोनं धुऊन घेतात.
सोनं कुणात सहजी मिसळत नाही.
त्याला लागतं आम्लराज.
ते जत्रेला येतात तेव्हा बोटं पिवळी असतात.
हळदीची नव्हे. ती कातडीबरोबरच जाते.

आमच्या रेशनकार्डावर माणसं तीन.
तिकडे खोलीवर भात टाकतात तो पाच जणांचा.
तिनातही ते, पाचातही ते.
दोन्हीकडे पान मांडलेलं,
आणि माणूस एक.

पुस्तकात दोन अणूंच्या मध्ये सरळ रेघ काढलीय.
खोटी आहे ती रेघ.
इलेक्ट्रॉन काही खुंटीला बांधलेले नसतात,
आत्ता इथे, आत्ता तिथे,
मध्ये असण्याची शक्यता तेवढी दाट. ढगासारखी.
ढग म्हटल्यावर अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघतो.
आमच्या तालुक्याची खोड आहे ती.

आणि वाटणीही दरवेळी सारखी नसते, हे उद्या शिकवायचंय.
पाण्यात ऑक्सिजन जरा जास्तच ओढतो,
हायड्रोजनकडे उरतं ते उघडं उघडं, उणं पडलेलं.
तरी सुटत नाही. पाणी पाणीच राहतं.
रात्री साडेनऊला फोन येतो.
"जेवलीस?" "जेवले. तुम्ही?"
मग दोघांपैकी कुणाचंच नसलेलं
मिनिटभराचं गप्प बसणं,
त्यात त्यांच्याकडचा भट्टीचा पंखा,
माझ्याकडच्या उत्तरपत्रिका.
ओढ कुठल्या बाजूला जास्त, ते मी अजून मोजलेलं नाही.

एक गोष्ट मुलं हमखास उलटी लिहितात:
बंध तोडला की ऊर्जा मिळते.
नाही रे. जुळताना ऊब बाहेर पडते.
तोडायला तेवढीच परत घालावी लागते, पदरची.
रणजितच्या पेपरावर तांबड्या शाईनं
हे तिसऱ्यांदा लिहिलं काल.

घंटा होते. दप्तरं, चपला, धूळ.
मी दाणे डब्यात भरत असते तेवढ्यात
नसरीन टेबलाशी येऊन थांबते,
मधले दोन अजून जागेवरच असतात, चिकटून.
"मॅडम, त्या दोघास्नी कुणी इचारलं का?"

"कशाबद्दल?"
"काय न्हाई," म्हणते,
आणि तूर उचलून डब्यात टाकते.
हरभरा तेवढा खाऊन टाकते.