नऊ की अकरा

तेगिद माझ्या भिंतीला शिडी लावतो आहे.
सत्तावन्नचा असेल आता. गुडघे कुरकुरतात,
त्याचे की माझे, खिडकीतून कळत नाही.
फेब्रुवारीच्या वाऱ्यानं छपराची कौलं उडवली
आणि सबंध खोऱ्यात पाटीची कौलं बसवणारा
हा एकटाच उरलाय.
वर्गात हा शेवटच्या बाकावर. शेगडीपासून सर्वांत लांब.

वेल्समधले आमचे हे डोंगर पाटीच्याच दगडाचे.
छप्पर पाटीचं, कुंपण पाटीचं,
आणि सरतेशेवटी उशाशीही पाटीच,
नाव कोरलेली.
मास्तर होण्याआधी सात वर्षं मी खाणीच्या शेडमध्ये.
ठोकळा मांडीला टेकवायचा, शिरेवर छिन्नी धरायची,
मोगरीचा एक ठोका,
की दगड वहीसारखा उघडायचा,
आत पन्नास कोटी वर्षं कुणीच न वाचलेलं पान.
मापांना नावं होती : डचेस, काउंटेस, लेडी.
पंधरा-सोळा वर्षांची पोरं आम्ही,
दिवसभर सरदारांच्या बायका चौकोनी कापायचो
आणि शनिवारी पगाराला हात पसरायचो.

बाबांचा खोकला घरात सर्वांच्या आधी उठायचा.
एका पहाटे तो उठला नाही.
आई म्हणाली, इद्वल, तू पुस्तकं घे.

पुढे पहिल्या नोकरीवरून घरी आलो
तर माझ्या बाहीवरची खडूची भुकटी पाहून
ती दारातच थांबली.
पुन्हा धूळच का रे, म्हणाली.

पस्तीस वर्षं. काय उरतं?
शेगडीवर वाळणाऱ्या ओल्या कोटांचा मेंढ्यांसारखा वास.
एलुनेदचा ढगळ स्वेटर, तिच्या आधी तिच्या तीन भावांनी घातलेला.
मधल्या सुट्टीत फाटकाशी उभे बाप,
खाण बंद पडली त्या हिवाळ्यात,
हात कुठे ठेवावेत ते न कळून खिशात घातलेले.
त्याच आठवड्यात मी फळ्यावर गणित लिहिलं :
एका मजुराला रोज अमुक मजुरी,
तर सहा दिवसांची किती?
तेगिद उभा राहिला. कधी नव्हे ते हात वर करून.
शून्य, सर.
वर्ग हसला. मी नाही.
पट्टी कुठे ठेवली होती ते मला आजही आठवतं,
खिडकीच्या डाव्या कोनाड्यात.
दोन मारल्या. बाहेर उभा केला. पाऊस होता.

आता तो वर बसून
एकेक कौल उचलतो, बोटाच्या पेरानं वाजवतो,
कान देतो.
अभंग असेल तर ते खणखणतं,
आत चीर असेल तर बद्द बोलतं.
ही विद्या मला येत होती.
दगडाच्या बाबतीत कधी चुकलो नाही.
खाणीतून शाळेपर्यंत पाऊण मैल,
एवढ्याशा वाटेत कुठे सांडली?

चार वाजता खाली आला. मी चहा केला.
शब्द जुळवत होतो, सकाळपासून जुळवत होतो,
पण म्हणालो, साखर किती?
तो म्हणाला, दोन. मग म्हणाला,
सर, वळचणीला पाकोळीचं जुनं घरटं आहे,
हलवलं नाही मी.
बरं केलंस, म्हणालो.
एवढंच झालं बोलणं.

तो गेल्यावर बिल पाहिलं.
‘कौल’ या शब्दात एक अक्षर जास्तीचं.
लाल पेन्सिल अजून खणात आहे, हात तिकडे गेलाच.
बेरीज बरोबर. गुणाकार बरोबर.
फक्त कौलं नऊ.

अकरा बसवली त्यानं.
खिडकीशी बसून मोजली मी, दोनदा,
दुसरं काय काम असतं मला?

अंधार पडेपर्यंत कागद हातात धरून बसलो.
चूक असेल तर उद्या पैसे पाठवायला हवेत.
आणि चूक नसेल तर—

पाऊस सुरू झाला.
मी खालून ऐकतो आहे.